कॅम्पर ट्रेलरच्या बॅटरीला कोणता व्होल्टमीटर? स्वस्तातला चालेल, पण वायर थेट बॅटरीपर्यंत न्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. मेलबर्नमध्ये राहणाऱ्या एका मराठी जोडप्याने जुना कॅम्पर ट्रेलर घेतलाय. पुढच्या खोक्यात १०० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणक्षमता) दोन एजीएम (सीलबंद लेड-अ‍ॅसिड) बॅटऱ्या समांतर जोडलेल्या आहेत. मागच्या बाजूला ओढून काढायचं स्वयंपाकघर, तिथे १२ व्होल्टचा फ्रिज, एलईडी दिवे आणि पाण्याचा पंप. चार्जिंगसाठी घडीचा सोलर पॅनल आणि गाडीकडून येणारा अँडरसन प्लग (जाड केबलींचा जोड). बॅटरीत किती शिल्लक आहे हे कळेल असा साधा, स्वस्त मीटर त्यांना हवाय. अ‍ॅप नको, ब्लूटूथ नको. ऑनलाइन पाच डॉलरपासून दोनशे डॉलरपर्यंत सगळं दिसतं, त्यातलं घ्यायचं काय? आणि उद्या लिथियम बॅटरी घेतली तर तोच मीटर चालेल का?

आधी उत्तर, मग कारणं. दोन दशांश दाखवणारा, म्हणजे १२.४७ असा आकडा देणारा, दोन वायरींचा एलईडी पॅनल मीटर घ्या. पाच ते पंधरा डॉलरमध्ये मिळतो. त्याच्यासाठी बॅटरीच्या टर्मिनलपासून स्वतंत्र वायरी ओढा, बॅटरीजवळ छोटा फ्यूज टाका आणि दाबलं तरच मीटर लागेल असं बटण बसवा. मी ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतो. ‘मीटर खोटं सांगतो’ अशी तक्रार घेऊन ट्रेलर येतो तेव्हा बहुतेक वेळा मीटर ठीकच असतो, तो चुकीच्या जागी जोडलेला असतो किंवा चुकीच्या वेळी बघितलेला असतो. म्हणून मीटरबद्दल थोडं आणि जोडणीबद्दल जास्त लिहितोय.

दोन दशांश कशाला, ते बघू. एजीएम बॅटरी पूर्ण भरून काही तास निवांत पडली असेल तर साधारण १२.८ व्होल्ट किंवा थोडं वर दाखवते. तीन चतुर्थांश उरली की १२.५ ते १२.६, अर्धी उरली की १२.२ ते १२.३, पाव उरली की १२.० च्या आसपास, आणि ११.८ ला ती रिकामीच समजायची. कंपनीनुसार आकडे थोडे मागेपुढे होतात, त्यामुळे तुमच्या बॅटरीच्या माहितीपत्रकातला तक्ता मिळाला तर तोच धरा. मुद्दा असा की भरलेली आणि रिकामी यांच्यात जेमतेम एक व्होल्टचा फरक आहे. तुम्हाला वापरायचा आहे तो वरचा अर्धा भाग, कारण एजीएम रोज अर्ध्याच्या खाली उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. त्या अर्ध्या भागासाठी हातात उरतो अर्धा-पाऊण व्होल्ट. म्हणजे ०.१ व्होल्ट इकडेतिकडे झालं की हिशोबात जवळजवळ दहा टक्क्यांची चूक. तुमच्या २०० एएचमध्ये ती वीसेक एएच होते, म्हणजे फ्रिजची अख्खी रात्र. एकच दशांश दाखवणारा मीटर १२.३ वरून १२.२ वर जातो तेव्हा तो नुकता उतरला की आता १२.१ च्या उंबरठ्यावर आहे हे कळत नाही.

काट्याचे जुने मीटर दिसायला छान असतात, पण ० ते १५ व्होल्टच्या पट्टीवर एक व्होल्ट म्हणजे काट्याची किंचित हालचाल. ते नकोच. ८ ते १६ व्होल्ट अशी ताणलेली पट्टी असलेले काट्याचे मीटर बोटींसाठी मिळतात, ते त्यातल्या त्यात बरे, पण त्या पैशात डिजिटल दोन घेता येतील.

इथे एक सावधगिरी हवी. दोन दशांश दिसतात म्हणजे दोन्ही खरे असतात असं नाही. स्वस्त मीटरवर ‘१ टक्का अधिक २ अंक’ अशी अचूकता लिहिलेली असते. साडेबारा व्होल्टवर १ टक्का म्हणजे ०.१२५ व्होल्ट. एक दशांशवाल्या मीटरमध्ये शेवटचे दोन अंक म्हणजे वर आणखी ०.२. दोन्ही मिळून ०.३ व्होल्टच्या पुढे, म्हणजे पाव बॅटरी गायब. दोन दशांशवाल्यात तेच दोन अंक फक्त ०.०२ होतात. हे त्याच्या बाजूने आणखी एक कारण.

उरलेली चूक तुम्हीच काढू शकता. बऱ्याच पॅनल मीटरच्या पाठीमागे स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा बारीक प्रीसेट असतो. एखाद्या मित्राचा चांगला मल्टिमीटर आणा, दोन्ही एकाच वेळी बॅटरीच्या टर्मिनलवर लावा आणि आकडा जुळवा. बॅटरी १२.२ ते १२.५ मध्ये असताना जुळवलं तर उत्तम, कारण निर्णय तिथेच घ्यायचे असतात. प्रीसेट नसेल तर फरक मीटरशेजारी चिकटपट्टीवर लिहून ठेवा, ‘०.०७ जास्त दाखवतो’ एवढं पुरे. रोज सारखीच चूक करणारा मीटर अडचणीचा नसतो. मात्र ज्याच्याशी जुळवताय तो मल्टिमीटर खात्रीचा हवा. त्याची स्वतःची ९ व्होल्टची बॅटरी उतरत आली की बरेच स्वस्त मल्टिमीटर जास्त आकडा दाखवतात. आधी ती नवी घाला.

आता जोडणी. खरी गोम इथेच आहे.

मीटर दिसायला सोयीचा म्हणून लोक तो मागे स्वयंपाकघरात बसवतात आणि वायर कुठून घेतात, तर शेजारच्या फ्रिजच्या सॉकेटमधून. काम पाच मिनिटांत होतं आणि आकडा कायमचा बिघडतो. हिशोब करून बघा. बॅटरीपासून मागपर्यंत केबल ५ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तांबं. ऑस्ट्रेलियात ऑटोच्या दुकानात ‘४ मिमी’ म्हणून जी केबल मिळते तिच्यातला ४ हा प्लास्टिकसकट बाहेरचा व्यास असतो. आतलं तांबं साधारण १.८ चौरस मिमी. ‘६ मिमी’मध्येही ते साधारण ४.६ चौरस मिमीच असतं. भारतात घराच्या वायरिंगमध्ये ४ म्हटलं की ४ चौरस मिमी, त्यामुळे तिकडून आलेला माणूस इथे हमखास फसतो. तर १.८ चौरस मिमीच्या १० मीटर तांब्याचा रोध साधारण ०.०९ ओहम येतो. फ्रिजचा कंप्रेसर चालू असताना ५ अँपिअर घेतो. ०.०९ गुणिले ५, म्हणजे जवळजवळ अर्धा व्होल्ट वाटेतच गेला. बॅटरीवर १२.४५ आहेत आणि तुमचा मीटर सांगतो ११.९८. तुम्ही घाबरून फ्रिज बंद करता, कंप्रेसर थांबताच आकडा पुन्हा १२.४ वर चढतो, आणि मग ‘मीटर वेडा आहे’ असं ठरतं. तो बिचारा सॉकेटवर जे आहे ते अगदी बरोबर सांगत असतो.

तोच मीटर स्वतंत्र वायरीवर टाका. त्याला लागतात फक्त १५ ते २० मिलिअँपिअर. अर्धा चौरस मिमीची बारीक वायर त्याच ५ मीटर अंतरावर ओढली तरी वाटेत ०.०१ व्होल्टसुद्धा पडत नाही. म्हणजे इथे जाड केबलचा खर्चही नाही, फक्त ती कुणाशी वाटून घ्यायची नाही. निगेटिव्ह वायरसुद्धा बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलपर्यंत न्या. ट्रेलरच्या लोखंडी चासीला जवळपास कुठेतरी स्क्रू मारून अर्थ घेतला तर तोच गोंधळ दुसऱ्या बाजूने परत येतो, वर गंज आणि धूळ त्यात भर घालतात. तुमच्या दोन बॅटऱ्या समांतर आहेत, तेव्हा पॉझिटिव्ह एका बॅटरीवरून आणि निगेटिव्ह दुसरीवरून घ्या. मुख्य लोडच्या केबलीही तशाच तिरप्या जोडलेल्या आहेत का, हेही त्या निमित्ताने बघून घ्या. दोन्ही एकाच बॅटरीवर असतील तर तीच जास्त राबते.

फ्यूज १ ते ३ अँपिअरचा, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. तो मीटरसाठी नसून वायरीसाठी आहे. शंभर एएचच्या बॅटरीवर बारीक वायर चासीला घासून शॉर्ट झाली तर ती लाल होऊन आजूबाजूचं सगळं पेटवू शकते. आउटबॅकच्या कॉरुगेटेड रस्त्यावर, जिथे मातीला पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या असतात, तासन्‌तास बसणाऱ्या हादऱ्यांत हे होतं. वायरीच्या टोकाचा लग (धातूची कडी) नीट क्रिम्प करा, म्हणजे दाबून घट्ट बसवा, पत्र्याच्या भोकातून जाताना रबरी ग्रोमेट घाला, वायर टायने बांधा. लग नुसत्या सोल्डरवर ठेवू नका, हादऱ्याने वायर सोल्डरच्या काठाशी तुटते.

मीटर चोवीस तास चालू ठेवायचा नाही. २० मिलिअँपिअर क्षुल्लक वाटतात, पण दिवसाला जवळपास अर्धा एएच आणि महिन्याला चौदा-पंधरा. ट्रेलर हिवाळाभर अंगणात उभा राहिला तर तीन महिन्यांत चाळीसेक एएच नुसते आकडा दाखवण्यात गेले. बॅटरी आपोआपही थोडी उतरतेच, ते वेगळं. आणि रात्री डोळ्यासमोर लाल आकडे चमकत राहतात, त्याचाही वैताग येतो.

बटणाऐवजी मी शक्यतो तीन स्थितींचा टॉगल सुचवतो, दोन्ही बाजूंना दाबला तरी सोडल्यावर आपोआप मधे येऊन बंद होणारा. वर दाबला की ट्रेलरची बॅटरी, खाली दाबला की अँडरसन प्लगवर गाडीकडून येणारं व्होल्टेज. एकाच मीटरमध्ये दोन्ही दिसतात. दुसऱ्या पॉझिटिव्ह वायरीला वेगळा फ्यूज लावा. निगेटिव्ह सहसा एकच असतो, त्यामुळे दुसऱ्या निगेटिव्ह वायरीची भानगड नाही. रस्त्यात ‘गाडी चार्ज करतेय की नाही’ हा वाद यानेच मिटतो.

दुकानात आणखी काय काय दिसेल ते पटकन सांगतो. तीन वायरींचे मीटर म्हणजे मीटर चालवण्याची वायर वेगळी आणि मोजायची वेगळी. ४ व्होल्टच्या खालचं मोजायचं असेल तेव्हा ते लागतात, तुम्हाला गरज नाही. सिगारेट लायटरमध्ये खुपसायचे मीटर म्हणजे वर सांगितलेला सॉकेटचाच घोळ, वर सैल बसणारा प्लग. बॅटरीचं चित्र, पट्ट्या किंवा टक्के दाखवणारे मीटर आतून व्होल्टमीटरच असतात, फक्त आकडा झाकून त्यावर अंदाजाचा तक्ता लावलेला असतो. पंप चालू केला की ८० टक्क्यांचे ५० होतात. आकडा दिसणाराच घ्या. ‘१०० व्होल्ट १० अँपिअर’ असे व्होल्ट-अँपिअरचे जोडमीटर मोहात पाडतात. त्यातला शंट, म्हणजे प्रवाह मोजण्यासाठीचा छोटा रोध, आतच असतो, सगळा लोड त्या चिमुकल्या मीटरमधून न्यावा लागतो, आणि बहुतेकांना प्रवाह एकाच दिशेने मोजता येतो. चार्जिंग आणि वापर दोन्ही चालणाऱ्या ट्रेलरमध्ये त्याचा उपयोग नाही. एलसीडीचे मीटर वीज कमी खातात, पण ऑस्ट्रेलियन उन्हाळ्यात बंद खोक्यात तापले की पडदा काळा पडतो. एलईडी भर उन्हात फिका दिसतो, हाताची सावली केली की वाचता येतो. समोरची बाजू धूळ-पाणी न शिरणारी असेल तर दोन-चार डॉलर जास्त द्यायला हरकत नाही. लाल धूळ कुठेही शिरते.

मीटर बसला. आता बघायचा कधी?

पहाटे. सूर्य पॅनलवर यायच्या आधी, दिवे बंद, पंप बंद, आणि फ्रिजचा कंप्रेसर थांबून दहा-पंधरा मिनिटं झालेली असताना. दिवसभरात विश्वासाचा आकडा हा एकच. जिना चढून आलेल्या माणसाची नाडी लगेच मोजून उपयोग नसतो, तसंच बॅटरीचं आहे. चालू लोडखाली ती खाली दिसते, आणि चार्जिंगनंतर काही तास उगाच वर दिसते. संध्याकाळी पाच वाजता १३.० बघून ‘भरली’ असं ठरवू नका, तो वरवरचा फुगा असतो. पंधरा मिनिटं दिवे आणि पंप चालवा, आकडा बघता बघता खाली येईल. शास्त्राप्रमाणे खरं निवांत व्होल्टेज बघायला बॅटरी कित्येक तास लोडशिवाय ठेवावी लागते, कॅम्पवर ते कोण करतो? पहाटेचा आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमीच येतो, म्हणजे चूक सुरक्षित बाजूला.

पहाटे १२.५ च्या वर असाल तर निर्धास्त. १२.३ ते १२.५ असेल तर पॅनल आज दिवसातून दोन-तीनदा सूर्याकडे वळवावा लागेल. १२.२ किंवा त्याखाली असेल तर दुपारपर्यंत कुठूनतरी चार्ज मिळायलाच हवा. पॅनल नाहीतर गाडी. बारा व्होल्ट दिसले तर फ्रिजचं तापमान वाढवा किंवा तो बंद करा, आणि बॅटरी लवकरात लवकर पूर्ण भरा. उतरलेली लेड बॅटरी आठवडाभर तशीच ठेवली की प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं आणि ती क्षमता पुन्हा मिळत नाही. एका आकड्यापेक्षा सलग तीन-चार पहाटांचे आकडे वहीत लिहिले तर जास्त कळतं. १२.६२, १२.५१, १२.४० अशी उतरंड दिसली तर रोज येतं त्यापेक्षा जास्त जातंय. हिवाळ्यात ग्रॅम्पियन्सच्या डोंगरांसारख्या ठिकाणी, झाडाखाली तंबू ठोकल्यावर हे नेहमीचं आहे, बॅटरीत दोष नसतो.

फ्रिजला स्वतःचा लो-व्होल्टेज कटऑफ असतो, बहुतेकांत तीन पातळ्यांचा. त्याच्यावर विसंबू नका. खालच्या पातळीला तो बॅटरी दहा व्होल्टच्या जवळ जाईपर्यंत चालू राहू शकतो, तोवर एजीएमचं नुकसान होऊन गेलेलं असतं. सर्वांत वरच्या पातळीवर ठेवा. केबल बारीक असेल तर मात्र तिथे फ्रिज विनाकारण बंद पडेल, आणि मग उपाय फ्रिजची केबल जाड करणं हाच.

दिवसा मीटरचा उपयोग वेगळा. तेव्हा तो शिल्लक सांगत नाही, चार्जिंग होतंय का ते सांगतो. भर दुपारी पॅनल जोडलेला असताना १४.४ च्या आसपास दिसत असेल तर पॅनलचा चार्जिंग रेग्युलेटर जोरात भरतोय. तो आपोआप १३.५ ते १३.८ वर उतरून स्थिरावला तर बॅटरी भरत आलीय. लख्ख उन्हात १२.७ च दिसत असेल आणि फ्रिजही बंद असेल, तर पॅनलकडून काही येत नाही. पॅनलवर फांदीची सावली, सैल प्लग, उडालेला फ्यूज, या क्रमाने बघा. तसंच गाडी चालू असताना टॉगल खाली दाबून १३.५ च्या वर दिसायला हवं. नव्या गाड्यांचे स्मार्ट अल्टरनेटर मधेच व्होल्टेज खाली आणतात, त्यांच्यासाठी ट्रेलरमध्ये डीसी-डीसी चार्जर लागतो, म्हणजे येणारं व्होल्टेज बॅटरीला हवं तेवढं करून देणारा. तो असेल तर टॉगल वर दाबून बॅटरीवर काय पोचतंय ते बघा. प्लगवर आहे पण बॅटरीवर नाही, म्हणजे दोष त्या दोघांच्या मधे. माझ्या मते या दहा डॉलरच्या वस्तूचे पैसे शिल्लक सांगण्यापेक्षा इथेच जास्त वसूल होतात.

महाराष्ट्रात घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी ज्यांनी सांभाळलीय त्यांना वाटेल, आतल्या आम्लाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरने का बघू नये? पाणी घालायच्या बॅटरीत ते खरंच व्होल्टमीटरपेक्षा चांगलं साधन आहे. पण एजीएम सीलबंद असते, झाकण उघडायची सोय नाही. बाहेरून मोजता येतं ते व्होल्टेजच.

या मीटरला एक गोष्ट कधीच कळणार नाही: समांतर जोडलेल्या दोनपैकी एक बॅटरी खराब झालीय का. त्याला दोघींचं मिळून एकच व्होल्टेज दिसतं. वर्षातून एकदा दोन्ही पूर्ण चार्ज करा, एकमेकींपासून सोडवा, एक दिवस तशाच ठेवा आणि मल्टिमीटरने वेगवेगळ्या मोजा. ०.२ व्होल्ट किंवा जास्त फरक पडला तर कमी दाखवणारीवर संशय घ्या आणि तिची लोड टेस्ट करून घ्या. एक आजारी बॅटरी दुसरीलाही घेऊन बुडते. बदलायची वेळ आली तर दोन्ही बदला.

शेवटचा प्रश्न लिथियमचा. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीत व्होल्टेज बराच काळ १३.१ ते १३.३ च्या सपाट पट्टीत राहतं. ८० टक्के आणि ४० टक्के यांच्यात एवढा थोडा फरक असतो की या मीटरवरून ओळखणं जवळजवळ अशक्य. १२.८ च्या खाली घसरायला लागली की शेवट जवळ आला, एवढंच तो सांगेल. तिथे आत गेलेले आणि बाहेर आलेले अँपिअर मोजून हिशोब ठेवणारा शंटवाला बॅटरी मॉनिटर लागतो, निगेटिव्ह केबलमध्ये बसवायचा, आणि सगळे लोड व सगळे चार्जर त्याच्या पलीकडे जोडायचे. व्हिक्ट्रॉनचा स्मार्टशंट हे त्यातलं चांगलं उदाहरण. तुम्हाला ब्लूटूथ नको असेल तर वेगळा पडदा असलेले मॉनिटर मिळतात, किंमत या मीटरच्या कितीतरी पट. बऱ्याच लिथियम बॅटऱ्यांच्या बीएमएसमध्येच (बॅटरी सांभाळणाऱ्या आतल्या सर्किटमध्ये) टक्के दाखवायची सोय असते, तेव्हा आधी बॅटरी ठरवा आणि मग मॉनिटर. आज एजीएमसाठी महागडा मॉनिटर घेऊन ठेवायची घाई करू नका. आणि लिथियम आली म्हणून हा छोटा मीटर काढूही नका. टॉगल खाली दाबून गाडीकडून किती व्होल्ट येतायत हे तेव्हाही त्याच्यावरच बघायचंय.